दुसऱ्या खेपेची मोजणी

अक्का, कॉलेजच्या शोकसभेत मी बोलले नाही. माझं नाव घेतलं होतं, मी मागच्या रांगेतून उठलेच नाही. माझ्या आधी सहा जण बोलले आणि त्यातल्या चौघांनी तुम्ही समुद्रात विलीन झालात असं सांगितलं. एकानं तर तुम्हाला सागरकन्या करून टाकलं. तुम्ही बेंगळुरूला, चामराजपेटेतल्या घरी, स्वतःच्या पलंगावर, न्यूमोनियानं गेलात. तिथून समुद्र गाठायला आख्खी रात्र गाडीत बसावं लागतं. तुम्ही सभेत असतात तर चष्मा नाकावर ओढून विचारलं असतंत, "हौदा? खरं का? विलीन होताना कोणी पाहिलं?"

तो प्रश्न विचारायला तिथं दुसरं कोणी नव्हतं आणि मला तोंड नव्हतं. चार महिने तुमच्याशी अबोला धरून बसलेली विद्यार्थिनी माईकसमोर काय सांगणार? म्हणून आता इथून लिहिते आहे. इथून म्हणजे आपल्या बेटावरून, नाववाल्या हमजाकोयांच्या ओसरीवर बसून. तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. मोजणी काल पूर्ण झाली. आज सकाळी सुनावणी झाली. सगळं सांगते, पण माझ्या पद्धतीनं. मधे लाल रेघा मारायला तुम्ही नाही आहात याचा थोडा गैरफायदा घेणार आहे.

मी तुमच्या वर्गात आले ती समुद्रासाठी नाही. मी नागपूरची. बाबांची नोकरी व्हाइटफील्डला लागली म्हणून बेंगळुरूत आले आणि रोज दोन-दोन तास ट्रॅफिकमधे बसायचं नाही म्हणून कोरमंगलात पीजी घेतला. समुद्र तोवर फोटोतच पाहिलेला. मला तळी वाचवायची होती. फेसाळलेल्या तळ्यांची पत्रकं छापायची, सिग्नलला उभं राहून ऑटोवाल्यांच्या, स्कूटरवाल्यांच्या हातात कोंबायची, हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात तुमच्याही हातात एक कोंबलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते परत दिलंत. तीन शब्दांखाली लाल रेघ होती: संपूर्ण, कायमचं, सर्वनाश.

"व्याकरण चुकलं का?"

"व्याकरण बरं आहे गं. हे मोजलं कोणी?"

"मोजायला काय पाहिजे, अक्का? जवळून गेलं तरी वास येतो."

"मग वास येतो असं लिही. ते खरं आहे."

मला राग आला. वास येतो असं लिहिलेलं पुढचं पत्रक लोकांनी थांबून वाचलं, त्याचा आणखीच आला.

तेव्हापासून तुम्ही मला नावानं हाक मारायचं सोडलंत. मी 'पत्रकवाली' झाले. तुमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, तुमच्या मराठीत अर्ध्या वाक्यावर कन्नड येऊन बसायचं. माझ्या मराठीत तसंच इंग्रजी. तुम्ही म्हणायचात, "तुझं निम्मं, माझं निम्मं, दोघी मिळून एक मराठी बाई होते बघ." मुलं हसायची. मी हसायचे नाही, कारण मला हसले तर हरले असं वाटायचं. त्या वयात नव्हते, तरी वाटायचं.

बेटावर न्यायच्या आधी तुम्ही दोन महिने दर शनिवारी सकाळी आम्हाला जयनगरच्या स्विमिंग पुलात उतरवलंत. सोबत घरची ज्यूटची पिशवी. त्यातून वाट्या, डाव, उलथनी, चमचे, इडलीपात्राच्या ताटल्या निघायच्या. ते सगळं तुम्ही पाण्यात टाकायचात आणि वरून दोरी सोडायचात, हातहात अंतरावर गाठ मारलेली. आम्ही मास्क लावून वर तरंगायचं आणि प्रत्येक गाठीच्या बरोबर खाली काय आहे ते प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीनं लिहायचं. पुलावरचा लाइफगार्ड पहिल्या दिवशी कन्नडमधे म्हणाला, "काय मेडम, भांडी घासायला आणलंय का मुलांना?" तुम्ही गंभीरपणे उत्तर दिलंत, "होय की. साबण नको, नुसतं बघून घासतात."

बाराव्या गाठीला मी 'चमचा' लिहिलं.

"गाठीखाली चमचा होता?"

"अगदी बाजूला होता, अक्का. चार बोटांवर."

"बाजूला होता तो बाजूला. खाली काय होतं?"

"फरशी."

"मग फरशी लिही."

"फरशी काय लिहायची? फरशी तर सगळीकडेच आहे."

"समुद्रात पण बहुतेक ठिकाणी वाळूच असते. तुला जे सापडावं असं वाटतं तेच तू लिहिणार असशील तर पाण्यात कशाला उतरतेस? घरी बसून लिही, केस तरी कोरडे राहतील."

अख्ख्या पुलासमोर बोललात हे. तेव्हा मला तुमचा मनापासून संताप आला होता, हे नोंदवून ठेवते. शोकसभेत कोणी नोंदवलं नाही.

कोचीहून बोटीनं आम्ही गेल्या एप्रिलमधे पहिल्यांदा इथं आलो तेव्हा मी वाटभर उलट्या केल्या आणि उतरल्यावर धक्क्यावरच बसून राहिले. हमजाकोया आपली नाव घेऊन न्यायला आले होते. इतकी वर्षं तुमच्या मुलांना तेच पाण्यात नेतात. त्यांनी माझ्याकडे बघून तुम्हाला विचारलं, "अक्का, ये वाला जिंदा लाया?" तुम्ही म्हणालात, "दोन दिवसांनी सांगते."

बेटाभोवतीचं उथळ, शांत पाणी, लगून, मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहायला बसले की हात आपोआप पत्रकातले शब्द काढतो. हमजाकोयांनी जे दाखवलं ते सांगते. इथले लोक ट्यूना गळानं पकडतात, एकेक करून. पण ट्यूनाच्या थव्यात आधी जिवंत छोटे मासे फेकावे लागतात आणि ते मासे राहतात लगूनमधल्या पोवळ्यांच्या फांद्यांत. पोवळं गेलं की छोटा मासा गेला, मग ट्यूना समोरून गेला तरी हात हलवत बसायचं. हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. आमच्या पुस्तकात त्याला दीड प्रकरण लागतं.

आणि त्या एप्रिलमधे पोवळं पांढरं पडलं होतं. पाणी तापलं की पोवळं आपल्या आत राहणारी रंगीत वनस्पती बाहेर टाकतं आणि आतला चुना दिसायला लागतो. दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाडासारखं पांढरं. मी पाण्यातच रडले. मास्कमधे रडलं की काही दिसत नाही, हे तिथं कळलं.

प्रत्येकाच्या पाटीवर पोवळ्यासाठी चार रकाने होते: जिवंत, पांढरं, शेवाळलेलं, मेलेलं. आणि चौथ्या रकान्यावर तुम्ही जखमेला लावायची चिकटपट्टी लावून ठेवली होती. तुमचा नियम असा, की पहिल्या खेपेला कोणीही कशालाही मेलेलं म्हणायचं नाही. पाणी निवल्यावर परत यायचं, तीच दोरी तळात ठोकलेल्या त्याच दोन खुंट्यांना बांधायची, तीच गाठ बघायची. मग पट्टी काढायची.

"आणि तोवर?" मी विचारलं होतं.

"तोवर पांढरं. पांढरं म्हणजे आजारी. आजाऱ्याला उचलून न्यायला खांदेकरी बोलावतेस का तू?"

मी बोलावले, अक्का. बेंगळुरूला परतल्यावर तीन भाषांत पत्रक छापलं. वर मोठ्या अक्षरांत: बेटाचं प्रवाळ मेलं. खाली पांढऱ्या फांद्यांचा फोटो. कब्बन पार्कात रविवारी वाटलं, फोनवरून पाठवलं, ते माझ्या हातातल्या कुठल्याही कागदापेक्षा लांब गेलं. मला वाटलं आता तरी लोक जागे होतील. तुम्हाला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर काय म्हणाला असतात ते मला माहीत होतं, म्हणूनच दाखवलं नाही. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पावसाळ्यात इथं जनसुनावणी झाली. एका कंपनीला लगूनच्या तोंडाशी पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का बांधायचा होता आणि त्यासाठी तळ खणून वाट खोल करायची होती. आपली दोरी जिथं बांधलेली तिथूनच. कंपनीचा माणूस उठला आणि त्यानं खिशातून माझं पत्रक काढलं. शिकलेली मुलं स्वतः म्हणतात की इथलं प्रवाळ मेलंय, मग खणल्यानं इजा कोणाला होणार? हमजाकोयांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही मला केला नाहीत, निरोप पाठवून घरी बोलावलंत. कॉफी दिलीत. मग समोर पत्रक ठेवलंत. त्यावर एकही लाल रेघ नव्हती.

"दुरुस्ती छाप," तुम्ही म्हणालात. "तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच तीन भाषांत, तुझ्या नावानं."

मी नाही म्हटलं. माझी बाजूही सांगते, कारण ती मला अजून पूर्ण खोटी वाटत नाही. मी म्हटलं, चळवळीत माघार घेतली की समोरचे पुढचं काहीच खरं धरत नाहीत. मी म्हटलं, तुमच्या पाट्या वीस वर्षं तुमच्या कपाटात आहेत, त्यांनी एक दगड तरी हलायचा थांबवला का? आपण शहरातून येतो, मोजतो, मार्क घेतो आणि निघून जातो. पाटीवर काय लिहिलंय ते हमजाकोयांना तरी वाचता येतं का?

"तुझ्या कागदानं काय थांबवलं?" एवढंच विचारलंत.

"निदान लोकांपर्यंत पोचला."

"पोचला की. कंपनीच्या खिशापर्यंत पोचला."

मी कॉफी तशीच ठेवून उठले. जिन्यात तुमचा आवाज आला, "स्वल्प थांब गं." मी थांबले नाही. त्यानंतरचे चार महिने मी तुमचा तास सोडून लायब्ररीत बसले. तुम्ही हजेरीत मला एकदाही गैरहजर लावलं नाहीत, असं तुम्ही गेल्यावर ऑफिसात कळलं. खोटी नोंद, अक्का. तुम्ही. हजेरीपटावर.

नोव्हेंबरच्या शेवटी तुम्ही आजारी असल्याचं ऐकून आले. माझ्या सॅकमधे दुरुस्तीच्या पत्रकाचा मसुदा होता, तीन भाषांतला. कन्नड बाजू पीजीतल्या मुलीकडून तपासून घेतली होती. वाटलं होतं, हातात ठेवीन आणि काही बोलणार नाही. पण तुम्हाला धाप लागत होती आणि तुम्ही बेटावर जायच्या परमिटबद्दल विचारत होतात. फॉर्म भरले का. जानेवारीच्या बोटीत जागा आहेत का. त्या दोघा नव्या मुलांना अजून पोहता येत नाही, त्यांना पुलात कोण नेणार. मी म्हटलं, मी नेते. तुम्ही म्हणालात, "सरी. बरं." आणि डोळे मिटलेत. तुम्हाला झोप लागली असं समजून मी निघाले. मसुदा सॅकमधेच राहिला. उद्या देऊ म्हटलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

ते न दिलेलं मला फार लागलं आहे. त्यावर मलम लावणारं वाक्य माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडूनही मिळालं नसतं.

तुमच्या तेराव्यानंतर कॉलेजनं बेटाची सहल रद्द केली. सोबत न्यायला प्राध्यापक नाही, हे कारण. मी नोटीस वाचली आणि थेट स्टाफरूममधे जाऊन उभी राहिले. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, कीटक शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मला मुंग्या कळतात गं, मासे नाही कळत." मी म्हटलं, मॅडम, सही तुमची, मासे आमचे. त्या हसल्या, मग रडल्या, मग आल्या. येताना बोटीत माझ्यापेक्षा जास्त उलट्या केल्या त्यांनी. पुलात मीच उतरवलं नव्या मुलांना. तुमच्या सुनेनं ज्यूटची पिशवी दिली, त्यातला डाव मात्र घरात लागतो म्हणून काढून घेतला. बरोबर आहे.

दुरुस्तीचं पत्रक मी निघायच्या आधीच छापलं. तेवढ्याच मोठ्या अक्षरात: आम्ही प्रवाळ मेलं असं लिहिलं होतं. आम्ही पुन्हा जाऊन पाहिलं नव्हतं. ते लिहिणं चूक होतं. कब्बन पार्कात त्याच बाकाजवळ उभी राहिले. एका काकांनी वाचून विचारलं, "म्हणजे आता ते जिवंत आहे का?" मी म्हटलं, माहीत नाही, बघायला चाललोय. ते म्हणाले, "मग बघून आल्यावर छापायचं ना."

आता मोजणी. हमजाकोयांनी दोन्ही खुंट्या शोधून दिल्या, एकीवर कालवं चढली होती. त्यांची मुलगी सबीरा या वर्षी इथल्या शाळेत शिकवायला लागली आहे. ती पहिल्या दिवशी नावेत बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात पाटी दिली. रकान्यांची नावं तिनं स्वतःच्या भाषेत लिहून घेतली. मी तुमच्याशी भांडले होते ना की आपण मोजून निघून जातो. मग नुसतं भांडून काय उपयोग. ती पाण्यात आमच्यापैकी कुणाहीपेक्षा सरस आहे. आम्ही मास्कमधून धापा टाकतो, ती एका दमात खाली जाऊन गाठीला नाक लावून येते.

पट्ट्या आम्ही नावेतच काढल्या. पहिल्या दहा गाठींत मी तीनदा मेलेलं लिहिलं. ते खरंच मेलं आहे, अक्का, शेवाळानं पूर्ण मढलेलं, कडा झिजलेल्या. मग अकराव्या गाठीला तपकिरी रंग दिसला. बाराव्यालाही. आधी वाटलं शेवाळ असेल. खाली जाऊन बघितलं, फांदीच्या टोकांना फिकट निळी कड होती, नवी वाढ. एप्रिलमधे त्याच गाठीला माझ्याच अक्षरात 'पांढरं' आहे. वर येऊन मी नावेची कड घट्ट धरली. मॅडम नावेतून ओरडून विचारत होत्या, काय झालं, काय चावलं का. सबीरा म्हणाली, "कुछ नहीं काटा. जिंदा मिला."

सगळं परतलेलं नाही. अर्धं म्हणायलाही मी धजत नाही. पण छोटे मासे ज्या फांद्यांत राहतात त्या जातीचं बरंच परत रंगावर आलं आहे, आणि धक्क्याची वाट जिथून जाणार तिथंच ते सगळ्यात दाट आहे.

आज सकाळी पंचायतीच्या हॉलमधे दुसरी सुनावणी झाली. कंपनीच्या माणसाकडे जुनं पत्रक होतंच. मी उठले. हिंदीत म्हटलं, हे मी लिहिलंय आणि हे चूक आहे. तो म्हणाला, "तेव्हा चूक होतं की आत्ता बोलताय ते चूक आहे? तुम्ही मुलं दर सहा महिन्यांनी मत बदलणार का?" याच प्रश्नाला घाबरून मी चार महिने तुमच्यापासून पळत होते. प्रत्यक्ष आला तेव्हा एवढंच म्हटलं, की तेव्हा मत होतं, आता मोजणी आहे, मेलेलंही त्यात लिहिलंय, तेही वाचून दाखवते. मी वाचणार होते. पण सबीरानं माझ्या हातातून पाटी घेतली आणि मल्याळममधे पहिल्या गाठीपासून वाचायला सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते, पण हॉल प्रत्येक गाठीला हलत होता. मेलेलं आलं की एक म्हातारे मासेमार जीभ टाळ्याला लावून आवाज करायचे. जिवंत आलं की बायकांच्या बाजूनं कुजबुज. मधेच एक जण उठून म्हणाला, शेवटच्या गाठीच्या पलीकडे आणखी आहे, तुम्ही दोरी तिथपर्यंत नेलीच नाही. ते खरं आहे. नेली नव्हती.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मंजुरी दिली नाही आणि नाकारलीही नाही. तळ पुन्हा तपासल्याशिवाय खणायचं नाही, आणि तपासताना गावातला माणूस सोबत हवा, असं लिहून घेतलं. एका वर्षापूर्वी याला मी पत्रकात 'ऐतिहासिक विजय' म्हटलं असतं. खणणं थांबलंय. तपासणी व्हायची आहे. तपासायला सबीरा जाणार आहे.

तुम्ही एका बाबतीत चुकलात असं मला अजून वाटतं. वीस वर्षं पाट्या कपाटात ठेवायला नको होत्या. आजच्यासारख्या हॉलमधे आधीच वाचायला हव्या होत्या. तुम्ही नक्कीच काहीतरी खोचक बोलला असतात आणि मी चिडून उत्तर दिलं असतं. ते भांडण आता माझ्या एकटीच्या अंगावर पडलंय, आणि तुमची बाजू मांडायला लागले की तीही मला पटायला लागते. एवढा वेळ मी तुमच्याकडून शिकले आणि आभार म्हणून एकदा कॉफीसुद्धा पूर्ण प्यायले नाही.

दुपारी हमजाकोया जाळं दुरुस्त करत बसले होते. म्हणाले, "अक्का को बता देना." मी म्हटलं, कसं सांगू? त्यांनी मान वर न करता म्हटलं, "जैसे वो सुनती थी. नंबर से."

तर अक्का, शेवटच्या गाठींचं सांगते. एकतीस, जिवंत. बत्तीस, वाळू. तेहतीस, मेलेलं. चौतिसाव्या गाठीला मी मेलेलं लिहिलं होतं; सबीरानं खाली जाऊन अंगठ्याएवढा तपकिरी डाग दाखवला आणि माझ्या पाटीवरचं पुसलं. ती म्हणते जिवंत आहे, मी म्हणते शेवाळ आहे. दोघींचं एकमत होईना, म्हणून तो रकाना आम्ही रिकामा ठेवलाय.